पन्नास पानांची परवानगी

उखर्डू नानांना जेवायला पन्नास माणसं हवी होती, आणि हक्कानं बोलवावं असं त्यांच्या ओळखीचं माणूस होतं एकच. तेही दोन वर्षांमागे वारलं होतं. मंजुळाबाई त्यांचं नाव. नानांची बायको.

पन्नास माणसं हवी होती ती मावंद्यासाठी. मंजुळाबाईंच्या अस्थी घेऊन नाना रेल्वेच्या पासावर काशीला जाऊन आले होते आणि येताना गंगाजलाचा, तोंड डाखानं बंद केलेला तांब्याचा गडू घेऊन आले होते. काशीहून आलेल्या माणसानं चार लोक जेवू घालून गडू फोडला नाही तर यात्रा पुरी होत नाही, हे पहुरात शेंबडं पोरही सांगेल. गडू आठ महिने देव्हाऱ्याशेजारी बसून होता. नाना रोज सकाळी त्याला हात जोडत आणि म्हणत, "थांब बाई, करतो काहीतरी." हे गडूला म्हणत की मंजुळाबाईंना, ते त्यांनाच ठाऊक.

आता एवढ्या थोरल्या गावात पन्नास माणसं मिळू नयेत, म्हणजे माणसात काही खोट असली पाहिजे, असं कुणाला वाटेल. खोट नव्हती, नोकरी होती. पाचोरा-जामनेर लाईनवर गावाबाहेर जे फाटक आहे, त्यावर नानांनी पंचवीस वर्षं काढली. ती गाडी म्हणजे काय, तर डब्यातून उतरावं, बांधावरची दोन बोरं तोडावी आणि पुन्हा त्याच डब्यात चढावं, अशी चालणारी. पण नाना तिच्यासाठी वीस मिनिटं आधी फाटक लावत. नियमच तसा होता. त्या नियमापायी त्यांनी वऱ्हाडं थांबवली, बाळंतिणीची गाडी थांबवली, एकदा तर तिरडी थांबवली. खांदेकऱ्यांनी खांदे बदलले पण नानांनी फाटक काही उघडलं नाही. चाकाच्या कुरकुरीवरून कुणाची गाडी येते आहे ते नाना डोळे मिटून सांगत. त्या गाडीवाल्यांशी त्यांचं बोलणं मात्र 'थांबा' आणि 'निघा' या दोन शब्दांपुढे कधी गेलं नाही.

त्यांचं नावही तसलंच. आधीची चार पोरं जगली नाहीत म्हणून पाचव्याला आईबापांनी उकिरड्यावर ठेवलं, परत उचललं आणि उखर्डू नाव दिलं, म्हणजे देवाची नजर पडू नये. देवाची पडली नाही. पुढे माणसांचीही फारशी पडली नाही. मूलबाळ झालं नाही, नोकरी संपल्यावर स्टेशनच्या रस्त्याला दोन खोल्यांचं घर बांधलं आणि वर्षभरात मंजुळाबाई गेल्या. नाना सकाळी दोन भाकऱ्या थापत. एक जात असे आणि एक संध्याकाळपर्यंत टोपलीत पडून राही.

एवढं सगळं एका पारड्यात, आणि दुसऱ्या पारड्यात सरकार. लढाई संपून सहा महिने झाले होते, पण लढाईच्या नावानं निघालेले हुकूम संपायला तयार नव्हते. गहू चिठ्ठीवर, घासलेट चिठ्ठीवर, कापड चिठ्ठीवर, आणि जेवणावळीत पन्नासावर पान मांडायचं नाही. मुंबईत कुणी चार शहाण्यांनी विचार करूनच तो हुकूम काढला असेल. तालुक्याला येऊन तो पुरवठा इन्स्पेक्टर साबड्यांच्या हाती पडला आणि त्याचं पार भजं झालं.

साबडे पंगत ऐन रंगात आली की यायचे. पानं मोजायचे आणि पन्नासावरची माणसं घास हातात असताना उठवायचे. मग उरलेलं अन्न पुरावा म्हणून गाडीत जायचं. तूप पुरावा, बट्ट्या पुरावा, बुंदीचं तर विचारूच नका. हा पुरावा कोर्टात पोचल्याचं कधी कुणी ऐकलं नाही, पण साबड्यांचं पोट वर्षभरात कोटाबाहेर आलेलं सगळ्यांनी पाहिलं. आधी तुपाचा डबा पोचवणाऱ्याच्या घरी साबडे येत नसत आणि न पोचवणाऱ्याच्या घरी हटकून येत. चिंधा आबांनी पोरीच्या लग्नात डबा पोचवला नाही. साबड्यांनी मग अशा बाजूनं पानं मोजली की एक्कावन्नावा निघाला नवरदेव. मुंडावळ्या बांधलेला जावई पानावरून उठला, व्याही जो रुसला तो रुसलाच, आणि पोर तीन महिने माहेरी बसून राहिली. तेव्हापासून साबड्याचं नाव निघालं की पहुरातली म्हातारी माणसंसुद्धा बाजूला थुंकत.

गावानं मग आपल्या वाटा काढल्या. लग्नाची पंगत तीन घरांत फोडायची, बारसं शेतात नेऊन भरीत-भाकरीच्या नावाखाली उरकायचं. परवानगी म्हणून काही कागद असतो हे कुणाच्या गावीही नव्हतं. ते ठाऊक होतं एकट्या नानांना. हुकूम स्टेशनच्या भिंतीला डकवला होता, आणि स्टेशनच्या भिंतीवरचं अक्षर न् अक्षर वाचायची त्यांची जुनी खोड होती. "पन्नास अथवा त्याहून कमी माणसांच्या जेवणास लेखी परवानगी व गव्हाची चिठ्ठी मिळेल," असं खाली बारीक टायपात छापलेलं होतं. नानांनी ते दोनदा वाचलं, स्वच्छ धोतर नेसलं आणि ते तालुक्याला गेले.

इथंच सगळं चुकलं. कचेरीतल्या कारकुनाला आधी ते खरंच वाटेना. त्या कागदाचा नमुना शोधण्यात अर्धा दिवस गेला, कारण आजवर तो कुणी मागितलाच नव्हता. साबड्यांनी नानांना आपादमस्तक न्याहाळलं. शिकार आपल्या पायांनी चालत आलेली त्यांनी नोकरीत प्रथमच पाहिली असावी. त्यांनी नानांना खुर्ची दिली आणि मग महिनाभर हेलपाटे दिले. एकदा अर्ज मोडीत नको, एकदा बाळबोध नको, एकदा तिकीट तिरपं लागलं. प्रत्येक खेपेला जाताजाता विचारत, "नाना, तुमच्याकडे केळी काय म्हणतात?" मग पुढच्या खेपेला नाना विकत घेतलेला घड खांद्यावर घेऊन जात. त्यांना यात काही वावगं वाटलं नाही. कुणीतरी महिन्यातून चार वेळा त्यांना नावानं हाक मारत होतं, एवढं त्यांना पुरलं.

शेवटी साबड्यांनी फर्मावलं की जेवायला येणाऱ्या पन्नास माणसांची यादी हवी, अंगठ्यांसकट. नाना शाईची गादी घेऊन गावात निघाले.

शेजारच्या वच्छलाबाई म्हणजे गावाचं तोंड. त्या उंबऱ्यातच कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"जेवाले बोलावता अन् आंगठा मांगता? नाना, जेवन हाये का खरेदीखत?"

"सरकारी नियम आहे, अक्का. साबडे साहेबांनी सांगितलंय."

"साबड्यानं?" वच्छलाबाईंचा आवाज एकदम खाली आला. "तुमी त्याच्याकडे गेले? आपल्या पायानं गेले?"

संध्याकाळच्या आत ही गोष्ट गावाच्या दुसऱ्या टोकाला पोचली आणि पोचेपर्यंत तिला हातपाय फुटले. नाना साबड्याला केळीचे घड पोचवतात. नानांना कचेरीत खुर्ची मिळते. नाना कोण कुठं जेवतो त्याची यादी करून देतात. ज्यांनी तीन घरांत पंगती फोडल्या होत्या त्यांनी नानांना पाहून दारं लावून घेतली. कुणी म्हणालं, ही लेव्हीची, सरकारी धान्यवसुलीची यादी आहे, अंगठा दिला की घरातली ज्वारी गेली. चौदा दिवसांत नानांना मिळाले तीन अंगठे. त्यातला एक बहिऱ्या माणसाचा होता आणि दोन नानांचेच होते, डावा आणि उजवा.

केळीचे आणखी दोन घड पोचल्यावर साबड्यांनी अंगठे माफ केले. नुसती नावं द्या म्हणाले. त्या रात्री नाना चिमणीपुढे बसले आणि पंचवीस वर्षं फाटकावर ऐकलेल्या हाका आठवून नावं लिहू लागले. चिंधा, लोटन, भाईदास, रुपचंद, कुंदाबाई. बैलांची नावं त्यांना भराभर आठवत, माणसांची आठवताना घाम फुटे. एकोणपन्नास झाली आणि पन्नासावं काही केल्या सुचेना. मग त्यांनी लिहिलं, मंजुळाबाई. ज्या बाईसाठी हा सगळा खटाटोप, तिचंच नाव यादीत नसावं हे त्यांना बरं दिसलं नाही.

यादी पोचली, परवानगी आणि गव्हाची चिठ्ठी हाती आली, आणि माघातला मंगळवार ठरला. नानांनी धुळ्याकडचा झुलाल आचारी आणला. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा जाळ केला. वरण, बट्टी, घोटलेली वांग्याची भाजी आणि गुळाचा शिरा. दारात मांडव घातला, पन्नास पत्रावळी मांडल्या, आणि प्रत्येकीवर उडू नये म्हणून एकेक खडा ठेवला. अक्षता घेऊन नाना घरोघर आवतण देऊन आलेच होते. सगळे "येऊ, येऊ" म्हणाले होते. आपल्याकडे 'येऊ' एकदा म्हटलं तर माणूस येतो, दोनदा म्हटलं तर समजून घ्यायचं असतं. नानांना आवतणं देण्याची सवय नसल्यामुळे ते काही समजलं नाही.

भटजींनी गडूची पूजा सांगितली, दक्षिणा घेतली आणि मागच्या दारानं निघून गेले. बारा वाजले. एक वाजला. नाना नवं उपरणं घेऊन मांडवाच्या तोंडाशी उभे होते. रस्त्यानं जाणारी माणसं मान खाली घालून पलीकडच्या कडेनं जात होती. एकेक गाडी जाई तसे नाना मनात ओळखत, ही भाईदासची, ही रुपचंदची, आणि थांबेल म्हणून पुढे होत. गाडी थांबत नसे. थांबवायला हाताशी फाटक नव्हतं.

झुलालनं आतून येऊन कपाळ पुसलं. "नाना, रांधणं व्हई गयं. पन खावाले कोन शे?"

एका पत्रावळीवरचा खडा सरकला होता तो नानांनी नीट ठेवला. त्यांना रडू येत होतं, पण आचाऱ्यासमोर रडणं बरं नव्हे म्हणून त्यांनी उपरण्यानं नाक पुसलं आणि धूर फार झाला म्हणाले.

तेवढ्यात आलेच. साबडे, त्यांचा शिपाई, आणि स्टेशनपासून वेठीला धरलेली एक बैलगाडी. साबड्यांनी हातात यादी घेतली, मांडवात डोकावून पाहिलं आणि जरा वेळ त्यांनाही काही सुचेना. पन्नासावर माणसं असली तर काय करायचं हे त्यांना पाठ होतं. एकही नसलं तर काय करायचं, हा प्रसंग नोकरीत आला नव्हता. पण हुशार माणूस. दोन मिनिटांत त्यांना वाट सापडली.

"पन्नास माणसांच्या नावावर गहू उचललात, आणि माणूस एक नाही. म्हणजे नावं खोटी. आणि पन्नासांचं अन्न एकट्याच्या घरात, म्हणजे ही साठेबाजी. शिपाई, उचला भांडी."

"साहेब, मी सगळ्यांना आवतण दिलं होतं," नाना म्हणाले. "येतील हो. थोडं थांबा."

पंचवीस वर्षं सगळ्या गावाला थांबवणाऱ्या माणसाच्या तोंडून हा शब्द इतक्या गरिबीनं कधी निघाला नव्हता. साबडे थांबले नाहीत. शिपायानं बट्ट्यांची टोपली उचलून गाडीत ठेवली, मग शिऱ्याचं पातेलं. नाना मागोमाग गाडीपर्यंत गेले आणि रिकाम्या हातानं परत आले.

आता गाव आलं नव्हतं म्हणजे बघत नव्हतं असं थोडंच आहे. समोरच्या माळवदांवर, ओट्यांवर, दारांच्या फटींत सगळं पहूर होतं. नाना साबड्याचा माणूस आहे असं गावानं धरून ठेवलं होतं, आणि आता साबडा आपल्याच माणसाची चूल उचलून चालला होता, तेव्हा गाव बुचकळ्यात पडलं. चिंधा आबा मात्र बुचकळ्यात पडले नाहीत. त्यांना फक्त ती टोपली दिसली. अशीच टोपली त्यांच्या मांडवातून गेली होती. ते ओट्यावरून उतरले, रस्ता ओलांडून आले, साबड्यांकडे बघितलंसुद्धा नाही, आणि पहिल्या पत्रावळीवरचा खडा बाजूला करून मांडी घालून बसले.

"नाना, वाढा."

"आबा, भांडी गाडीत आहेत."

"मंग गाडीतून आना. आपलंच हाये."

चिंधा आबा बसले म्हटल्यावर रुपचंद आला, भाईदास आला, कुंदाबाई पदर खोचून आली. माळवदांवरून माणसं उतरू लागली. कुणी सांगितलं नव्हतं तरी चार जणांनी जाऊन टोपली, पातेली परत आणली. गाडीवाल्यानं बैल सोडून कडब्यापाशी बांधले आणि तोही पानावर बसला. शिपायानं एकदा साहेबांकडे पाहिलं, एकदा शिऱ्याकडे पाहिलं, आणि टोपी काढून गाडीवाल्याशेजारी बसला. बघता बघता पन्नास पानं भरली आणि मांडवाबाहेर दीडशे माणूस उभं राहिलं.

साबड्यांचा चेहरा खुलला. पन्नासावर माणसं म्हणजे पुन्हा त्यांच्या ओळखीचा मुलूख. त्यांनी यादी उघडून हजेरी सुरू केली.

"चिंधा."

बारा जणांनी ओ दिली.

"एकच चिंधा लिहिलाय."

"साहेब, गावात चिंधे बारा हायेत," आबा शांतपणे म्हणाले. "पोरं जगत नाईत म्हून चिंध्यांवर इकत घेतो आमी. तुमाले कोनता पाह्यजे तो घ्या."

पहिली पंगत उठली, दुसरी बसली. साबड्यांनी पुन्हा यादी धरली. पुन्हा तीच नावं, पुन्हा तितक्याच ओ. रुपचंद मघाशी जेवून गेला ना, असं त्यांनी विचारलं, तर समोरचा अनोळखी इसम म्हणाला, "मीच तो. पुन्हा भूक लागली." एका माणसानं किती वेळा जेवायचं हे हुकुमात लिहिलेलं नव्हतं. साबड्यांनी कागद उलटासुलटा करून पाहिला. अन्न पन्नासांचं आणि माणसं दोनशे, पण बायका आपापल्या घरून भाकऱ्या, कढी, ठेचा पदराखाली घेऊन येत होत्या, आणि शिरा बोटभर बोटभर का होईना सगळ्यांना पोचत होता.

यादीच्या शेवटी साबड्यांनी वाचलं, "मंजुळाबाई."

या नावाला एकही ओ आली नाही. मंजुळाबाई गावात एकच होती आणि ती कुठं गेली हे सगळ्यांना ठाऊक होतं. नाना तूप वाढत होते, ते वाकलेलेच राहिले. साबड्यांच्या ध्यानात आलं की इथं काहीतरी सापडलं. त्यांनी आवाज चढवला.

"मंजुळाबाई कोण? हजर आहे की नाही?"

"हाये ना," वच्छलाबाई म्हणाल्या. त्या पानावरून अर्ध्या उठल्या. "मीच मंजुळाबाई. नाना, इकडे वाढा जरा, कवापासून वाट पाहू राह्यली मी."

नाना त्यांच्यापाशी गेले आणि वाढता वाढता त्यांच्या हातातल्या वाटीतलं तूप निम्मं पत्रावळीवर आणि निम्मं वच्छलाबाईंच्या लुगड्यावर सांडलं. एरवी एवढ्यावरून त्यांनी महाभारत केलं असतं. त्या दिवशी त्यांनी नुसता पदर झटकला.

मग नानांनी गडू फोडला. दोनशे माणसांच्या तळहातावर थेंब थेंब गंगा घातली. पंचवीस वर्षं ज्यांना कंदिलाच्या उजेडात लांबून पाहिलं ते चेहरे इतक्या जवळून त्यांना प्रथमच दिसत होते. यात्रा पुरी झाली होती आणि त्यांना फार बरं वाटत होतं.

मांडवाबाहेर साबड्यांना कुणी हात लावला नाही. नुसते दोनशे जण त्यांच्याभोवती जवळ जवळ येऊन उभे राहिले. आबांनी मजकूर सांगितला आणि साबड्यांनी तो लिहिला, की परवानगीप्रमाणे पन्नास माणसे जेवली, तक्रार नाही. खाली सही केली. या लिहिण्यात दुपारची गाडी निघून गेली. शिपाई भरल्या पोटानं चालतच तालुक्याला निघून गेला होता, आणि गाडीवाला बैल घेऊन घरी.

गाव हसत, टाळ्या देत परतलं. साबड्याला कसा धुतला, याची गोष्ट मांडवातच तयार झाली होती. पाराशी जाईपर्यंत तिच्यात आबा होते, बारा चिंधे होते, वच्छलाबाई होत्या. नाना तेवढे कुठं दिसत नव्हते. आबा जाताना म्हणाले खरे, "नाना, येत जा कधी पारावर." पण ते चालता चालता म्हणाले. झुलालही आपली भांडी आवरून गेला. यजमानानं शेवटी जेवायचं असतं, म्हणून नाना थांबले होते. "नाना, आता तुमी बसा," असं कुणीतरी म्हणेल असं त्यांना वाटत होतं. कुणाच्या लक्षात आलं नाही. दिवेलागणीला त्यांनी कंदील लावला, आपल्यापुरतं झाकून ठेवलेलं पान पुढे घेतलं आणि बसले. रोजच्यासारखं घर. उलट दोनशे माणसं येऊन गेल्यावर ते अधिकच रिकामं वाटत होतं.

तेवढ्यात दारात साबडे उभे राहिले. सकाळची गाडी येईपर्यंत त्यांना जायला जागा नव्हती. स्टेशनवरच्या चहावाल्यानं दूध नासलं म्हणून सांगितलं होतं. विहिरीवर गेले तर दोर तुटला होता, पाराशी गेले तर पार रिकामा झाला होता. सकाळी ते मुद्दाम काही न खाता निघाले होते, कारण पुरावा भरपूर मिळणार होता.

"नाना, पाणी मिळेल का?" साबडे म्हणाले.

नाना त्यांच्याकडे बघत राहिले. रागच आला त्यांना, अगदी मनापासून आला. रिकाम्या मांडवात या माणसानं टोपली उचलली तो क्षण अजून छातीत होता. शिवाय समोर वच्छलाबाईंचं दार होतं आणि दारात वच्छलाबाई होत्या. याला आत घेतलं तर उद्या गावात काय होईल, हे न कळण्याइतके नाना भोळे राहिले नव्हते. पण मावंद्याच्या दिवशी दारातून उपाशी माणूस परत पाठवायचा, तर मग काशीला जायचंच कशाला? त्यांनी सरकून जागा केली आणि आपल्या पानातलं निम्मं दुसऱ्या पानात काढलं.

दोघं समोरासमोर बसून जेवले. साबड्यांचं पान रिकामं झालं तेव्हा नानांनी विचारलं, "आणखी वाढू?" साबडे एकदम थबकले. या जिल्ह्यात येऊन चार वर्षं झाली, बायकोमुलं धुळ्याला, आणि असं विचारणारं इथं कुणी भेटलं नव्हतं, असं ते म्हणाले.

"साहेब, विचारतील कसे?" नाना म्हणाले. "नवरदेवाला पानावरून उठवायला नको होतं तुम्ही."

"नियम होता," साबडे म्हणाले.

नानांना हे उत्तर फार ओळखीचं होतं. त्यांनी उरलेली बट्टी साबड्यांच्या पानात ठेवली. साबडे स्टेशनच्या बाकावर झोपायला गेले.

सकाळी साबड्यांची गाडी गेली नाही तोच वच्छलाबाई आल्या. गावभर जाऊन, सांगून, मग आल्या. "नाना, लाज नाई वाटली? गावानं ज्याले पानी देलं नाई त्याले तुमी जेवू घातलं?" त्या उभ्यानं सुरू झाल्या आणि मग पाय दुखायला लागले म्हणून बसल्या. नानांनी गुळाचा चहा टाकला. तो उकळेपर्यंत रुपचंद आला, भाईदास आला, त्यांच्या बायका आल्या. प्रत्येकाला नानांना काही ना काही सुनवायचं होतं. साबड्यावरून सुरू झालेलं बोलणं फाटकावर गेलं. कुणाची बाळंतीण थांबवली होती, कुणाचं वऱ्हाड थांबवलं होतं. ज्यांची तिरडी थांबवली होती त्यांचा नातू आला आणि तासभर बोलला. पंचवीस वर्षांचं साचलेलं होतं, ते काय एका दिवसात संपणार? नाना सगळ्यांचं ऐकून घेत होते, चुकलं म्हणत होते आणि पेले विसळत होते. घरात बसायला जागा उरली नाही तेव्हा माणसं मांडवात बसली.

चिंधा आबा दुपारी आले ते सगळ्यांत जास्त रागावलेले होते, म्हणून सगळ्यांत जास्त वेळ बसले. त्यांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या, पोरीची सगळी हकीकत सांगितली, मध्येच नानांच्या अंगावर ओरडले, मध्येच स्वतःचेच डोळे पुसले, आणि दिवे लागल्यावर जायला उठले.

"माह्यं बोलून झालं नाई अजून," ते दारातून म्हणाले. "आज उशीर झाला म्हून जातो."

"उद्या या ना आबा," नाना म्हणाले. "मी घरीच आहे."

दुसऱ्या दिवशी आबा आले, आणखी सहा जण आले. तिसऱ्या दिवशी दोघं आले. चौथ्या दिवशी वच्छलाबाई नुसत्या दारातून पुटपुटून गेल्या. पाचव्या दिवशी कुणीच आलं नाही. गावाचा राग निवला होता. नानांनी सकाळी दोन भाकऱ्या थापल्या, एक खाल्ली, दुसरीकडे बराच वेळ बघत बसले. मग त्यांनी स्वच्छ धोतर नेसलं, पोस्टात जाऊन एक कार्ड विकत घेतलं आणि तिथल्याच बाकावर बसून बाळबोधीत लिहिलं:

"मेहेरबान इन्स्पेक्टर साबडे साहेब यांस, उखर्डू याचा नमस्कार. येत्या रविवारी आमचे घरी जेवावयास जरूर यावे. मात्र दिवसाउजेडी यावे आणि गावातून पायी यावे, म्हणजे सर्वांस नीट दिसेल."